शून्यावरचा काटा

गेल्या वर्षी आषाढात अक्का माझ्या दुकानात आली ती पिशवीत एक वजनकाटा घेऊन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती सत्तावीस वर्षे अंगणवाडी सेविका आहे. काटा तिच्या अंगणवाडीतलाच होता : गोल तबकडीचा, वर कडी, खाली आकडा. आकड्याला झोळी अडकवायची, झोळीत मूल ठेवायचे, सुई फिरते. पंचवीस किलोपर्यंतचा, शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणांचा.

"काटा म्हणतो पोरगी वाढली, माझे हात म्हणतात नाही वाढली," ती म्हणाली. "तू बघ."

गोष्ट एका मुलीची होती. अकराव्या महिन्यात तिचे वजन ६.७ किलो भरले होते. नंतर काटा दुरुस्तीला गेला आणि परत आल्यावर बाराव्या महिन्यात तीच मुलगी ७.१ किलो भरली. एका महिन्यात चारशे ग्रॅम. या वयातले धडधाकट मूलही महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमने वाढते. अंगणवाडीत वापरल्या जाणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकानुसार एक वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन ८.९ किलो असते. ७.० किलोच्या खाली ती 'कमी वजनाची' ठरते आणि ६.३ च्या खाली 'तीव्र कमी वजनाची'. ७.१ म्हणजे मुलगी रेषेच्या वर, तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात. हिरव्यात आलेल्या मुलावरची नजर आपोआप सैल होते, आणि अक्काला हेच खुपत होते.

तिने वर तक्रार केली होती. उत्तर असे आले, की काटा नुकताच दुरुस्त झाला आहे, रिकामा असताना बरोबर शून्य दाखवतो, मग चूक कसली? अक्कापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. शाळा बारावीत सुटली. भौतिकशास्त्र शिकलो ते रद्दीच्या दुकानातून उचललेल्या पुस्तकांतून. पण स्प्रिंग समोर आली की ती उघडल्याशिवाय मला राहवत नाही. पुढचे पंधरा दिवस मी जे केले आणि त्यातून जे कळले, ते इथे मांडतो. काम साधे आहे, कोणालाही घरी करता येईल. त्यातल्या खाचाखोचा मात्र मला चुका करूनच कळल्या.

वजा की भागाकार?

पहिले काम म्हणजे काटा खरोखर चुकतो का, हे पाहणे. आमच्या गल्लीतल्या दोन किराणा दुकानांतून छाप मारलेली लोखंडी वजने उसनी आणली. दुकानदाराला आपली वजने ठरावीक मुदतीने तपासून घेऊन त्यावर सरकारी छाप मारून घ्यावा लागतो, त्यामुळे ती विश्वासाची. दहा किलो टांगले. सुई १०.५ वर गेली.

"म्हणजे अर्धा किलो वजा करायचा," अक्का लगेच म्हणाली. तसे केले तर मुलीचे वजन ६.६ होते. पण एकाच वजनावरून असे म्हणता येत नाही. काटा दोन तऱ्हांनी चुकू शकतो. एक, प्रत्येक वजनाला तो सारखीच भर घालत असेल. तेव्हा वजाबाकी करावी. दोन, तो प्रत्येक वजन ठरावीक पटीने फुगवत असेल. तेव्हा भागाकार करावा. दहा किलोला १०.५ हे दोन्ही तऱ्हांत बसते. निवाडा करायचा तर निरनिराळी वजने लावावी लागतात. लावली. २ किलोला २.१, ४ ला ४.२, ६ ला ६.३, ८ ला ८.४. चूक वजनाबरोबर वाढत होती, शंभराला पाच या दराने. मग मुलीचे वजन ७.१ भागिले १.०५, म्हणजे जवळजवळ ६.८ किलो. ७.१ नव्हे आणि ६.६ ही नव्हे. मुलगी रेषेच्या खाली होती.

शून्य बरोबर दिसण्याचा उलगडाही इथेच होतो. शून्याला कोणत्याही पटीने गुणले तरी शून्यच. पटीत चुकणारा काटा रिकामा असताना कधीच पकडला जात नाही. तो भाराखालीच खोटे बोलतो.

सुईला काय कळते?

आता कारण शोधायचे होते. काट्याच्या पोटात एक लांब वेढ्यांची स्प्रिंग असते. तिच्या खालच्या टोकाला दातेरी पट्टी, पट्टीत अडकलेले लहानसे दातेरी चाक आणि त्या चाकावर सुई. सुईला वजन कळत नाही. तिला फक्त अंतर कळते : आकडा किती खाली आला. अंतराचे वजन करण्याचे काम स्प्रिंगवर सोपवलेले असते. म्हणून स्प्रिंग किती ताठ आहे, म्हणजे एक मीटर ताणायला किती न्यूटन बल लागेल, हा आकडा सगळ्याच्या मुळाशी येतो. यालाच स्प्रिंगचा स्थिरांक म्हणतात.

आकडा किती सरकतो ते मी व्हर्निअर कॅलिपरने मोजले. दोन-दोन किलो वाढवत गेलो तसा तो ५.१, १०.०, १५.२, २०.१, २५.२ मिलिमीटर खाली आला. आलेख कागदावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्यावर वजन मांडले, तर बिंदू एका सरळ रेषेत पडले. दर किलोला २.५२ मिलिमीटर. एक किलोचा भार आपल्याकडे सुमारे ९.७८ न्यूटन. त्याला ०.००२५२ मीटरने भागले की येतात ३,८८१ न्यूटन प्रति मीटर. हा झाला आमच्या स्प्रिंगचा स्थिरांक.

मग तबकडीची अपेक्षा काय होती? तेही याच मापांत दडलेले आहे. आकडा २५.२ मिलिमीटर सरकला तेव्हा सुई १०.५ वर होती. म्हणजे तबकडी आखणाऱ्याने दर किलोला २.४ मिलिमीटर धरले होते, आणि त्यासाठी स्प्रिंग ४,०७५ न्यूटन प्रति मीटर इतकी ताठ हवी. आपली ३,८८१ ची. शंभराला पाच कमी. तबकडी आणि स्प्रिंग यांचा मेळ तुटला होता.

माझी पहिली चूक

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते, असे त्या वेळी वाटले. स्प्रिंग काट्यातून काढून मोकळी टांगली आणि पुन्हा मोजायला घेतली. अर्धा किलो लावला, ती हललीच नाही. एक किलोला १.० मिलिमीटर, दोनला ३.५, पाचला ११.१, दहाला २३.७. मी सरळ बलाला अंतराने भागत गेलो. एक किलोवरून स्थिरांक आला ९,७८०, दोनवरून ५,५९०, दहावरून ४,१२७. एकाच स्प्रिंगचे तीन स्थिरांक! शेवटचा तर तबकडीला हव्या असलेल्या ४,०७५ च्या इतका जवळ, की मी फक्त दहा किलोचे माप घेतले असते, तर स्प्रिंग निर्दोष आहे असे छातीठोकपणे सांगितले असते. आणि ती मुलगी हिरव्या पट्ट्यातच राहिली असती.

दोन दिवस डोके खाजवल्यावर उमगले. अशा ताणाच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून, मुळातच थोडे आवळून गुंडाळलेले असतात. ते सुटे व्हायलाच काही बल लागते. आमच्या स्प्रिंगला सुमारे ०.६ किलोचा भार, म्हणजे जवळजवळ ५.९ न्यूटन. त्यानंतरच ती ताणू लागते. आलेखातली रेषा सरळच असते, पण ती शून्य बिंदूतून जात नाही. म्हणून एका बिंदूचा भागाकार चुकीचा. दोन बिंदूंमधल्या फरकाचा भागाकार बरोबर. दहा आणि एक किलो यांतला फरक नऊ किलो, अंतरातला फरक २२.७ मिलिमीटर, दर किलोला पुन्हा २.५२. स्थिरांक पुन्हा ३,८८० च्या घरात. काट्यात स्प्रिंग आधीच थोडी ताणून बसवलेली असते, त्यामुळे तिथे हा घोळ जाणवत नाही.

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्या रॉबर्ट हूकने १६७६ साली तो प्रथम छापला तो कोड्यात : लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरे वर्णानुक्रमे मांडून. शोधावरचा हक्क राहावा, पण गुपित फुटू नये, ही त्या काळातली रीत. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने कोडे उलगडले : जितके ताणाल तितके बल. त्या पुस्तिकेत त्याने तारेच्या वेढ्यांवर, घड्याळाच्या स्प्रिंगवर आणि टांगलेल्या लांब तारेवर करायचे प्रयोग सांगितले आहेत, सगळे एकच भार न लावता क्रमाक्रमाने वाढवत नेलेले. चढती रांग का हवी, हे मला माझ्या चुकीमुळे समजले.

झोके मोजून पडताळा

एका पद्धतीने आलेला आकडा दुसऱ्या पद्धतीने तपासावा, ही सवय मला मोटारींनी लावली. स्प्रिंगला वजन टांगून खालीवर झुलू दिले, तर एका झोक्याला लागणारा वेळ फक्त वस्तुमान आणि स्थिरांक यांवर ठरतो. झोका मोठा की लहान, याचा संबंध नाही. वेढे सुटे राहण्याइतका भार असला म्हणजे झाले. वस्तुमानाला स्थिरांकाने भागायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ६.२८ ने गुणायचे, की सेकंद मिळतात. यात अंतर मोजावेच लागत नाही, म्हणून हा पडताळा खरा स्वतंत्र.

वीस किलो टांगले, कारण हलके वजन इतके भरभर झुलते की मोजता येत नाही. दुकानासमोरच्या लिंबाच्या फांदीला लटकवले. पन्नास झोक्यांना २५ सेकंद लागले. हिशेबाने स्थिरांक आला ३,१७० च्या आसपास. पुन्हा घोटाळा! या वेळी कारण लवकर सापडले, कारण ते डोळ्यांना दिसत होते : फांदीही झुलत होती. वीस किलोने ती अकरा मिलिमीटर खाली येत होती. फांदी स्वतःच एक स्प्रिंग, आणि एकाखाली एक टांगलेल्या दोन स्प्रिंगा मिळून एकटीपेक्षा नरम वागतात.

जुन्या घराच्या सागवानी तुळईला लोखंडी कडी आहे, तिला टांगले. पाच वेळा मोजून सरासरी २२.६ सेकंद. स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान दीडशे ग्रॅम. त्याचा एक तृतीयांश हिस्सा झोक्यात धरावा लागतो, म्हणून २०.०५ किलो धरले. स्थिरांक आला ३,८७४. ताणून मोजलेल्या ३,८८१ शी तुलना केली तर फरक हजारात दोनचा. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

इथे एक खुलासा करतो. काटा फांदीला लटकवून मुले मोजली, तर स्थिर वजनात चूक येत नाही, कारण फांदी आणि स्प्रिंग दोन्हींवर तोच भार येतो. फक्त सुई स्थिरावायला वेळ लागतो. आणि उन्हाने स्प्रिंग नरम होते, हेही खरे. पण वीस अंशांच्या फरकाने पोलाद शंभरात जेमतेम अर्ध्याने नरम पडते. सात किलोच्या मुलात तो पस्तीस ग्रॅमचा फरक, तबकडीच्या एका घरापेक्षाही कमी. आपल्या चुकीचे खापर उन्हावर फोडता येत नव्हते.

हातांनी घेतलेली अर्धी ऊर्जा

अक्काची आणखी एक तक्रार होती. मूल झोळीत टाकले की सुई एकदम पुढे धावते, मग मागे येते, थरथरते, वाचायचे कुठे? याचे उत्तर स्प्रिंगमध्ये साठणाऱ्या ऊर्जेत आहे.

स्प्रिंग ताणताना बल सतत वाढत जाते, म्हणून 'बल गुणिले अंतर' असा एका फटक्यातला गुणाकार चालत नाही. आलेखातल्या रेषेखालचे क्षेत्रफळ काढावे लागते. मी ते शाळकरी पोरासारखे चौकोन मोजून काढले. आडवा एक मिलिमीटर, उभा एक किलोचा भार, असा प्रत्येक चौकोन ०.००९७८ जूल. मोकळ्या स्प्रिंगला दहा किलो लावले त्या आलेखात सव्वाशेच्या किंचित वर चौकोन भरले. त्यात खाली एक लांबट आयत, वेढे सुटे करणाऱ्या ५.९ न्यूटनचा, आणि त्यावर त्रिकोण. एकूण १.२३ जूल. सव्वाशे ग्रॅमचा पेरू एक मीटर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. हूकच्या त्याच पुस्तिकेतही सगळ्या बलांची अशी बेरीज त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने केलेली आहे.

पण दहा किलोचे वजन २३.७ मिलिमीटर खाली आले, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने दिलेली ऊर्जा ९७.८ गुणिले ०.०२३७, म्हणजे २.३२ जूल होती. स्प्रिंगमध्ये सापडली १.२३. उरलेली १.०९ जूल कुठे गेली? ती माझ्या हातात गेली. वजन मी एकदम सोडले नव्हते. तळहातावर धरून हळूहळू खाली आणले होते. हाताने तेवढा भार वाटेत झेलला. उरलेला आकडा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकाच भरतो, हा योगायोग नाही.

हात काढून घेतला तर ही ऊर्जा जाणार कुठे? गतीत. वजन आपल्या स्थिर जागेवर वेगाने पोचते, तिथे थांबत नाही, आणि पुढे तितकेच अंतर जाते. म्हणजे एकदम सोडलेल्या ६.८ किलोच्या मुलाची सुई क्षणभर साडेतेराच्याही पुढे धावते आणि मग सेकंदाला जवळजवळ चार वेळा मागेपुढे करते. डोळ्यांना ती रेघ न दिसता पट्टा दिसतो. घाईत कोणी पट्ट्याची पुढची कड वाचली, तर वजन वाढते. म्हणून मूल झोळीत ठेवल्यावर आईने हात एकदम काढायचे नाहीत, सावकाश सोडायचे. अक्का म्हणाली, "हे मी पहिल्यापासून करते. पोर घाबरू नये म्हणून." तिच्या कारणात आणि माझ्या हिशेबात मला फारसे अंतर दिसत नाही.

एक वेढा

शेवटी चोर सापडला. स्प्रिंगचे वरचे टोक आटे पाडलेल्या डट्ट्यावर फिरवून बसवलेले असते. डट्ट्यावर चढलेले वेढे जखडलेले. ते ताणत नाहीत. उरलेले वेढे काम करतात. स्प्रिंग जितकी लांब, म्हणजे काम करणारे वेढे जितके जास्त, तितकी ती नरम. अर्धी कापली तर दुप्पट ताठ. कारखान्यात काटा जुळवताना याच डट्ट्यावर स्प्रिंग कमीजास्त फिरवतात. डट्ट्यावर वेढ्याची जुनी, चकचकीत खूण होती, आणि स्प्रिंग त्या खुणेपासून बरोबर एक फेरा खाली उतरलेली होती. काम करणारे वेढे मोजले : एकवीस. खुणेवर असती तर वीस. वीस भागिले एकवीस म्हणजे ०.९५२. आणि ३,८८१ भागिले ४,०७५? तेही ०.९५२.

दुरुस्ती करणाऱ्याने स्प्रिंग परत बसवताना एक फेरा कमी दिला असणार. मग सुई शून्यावर येईना, तेव्हा शून्य जुळवायचा स्क्रू फिरवून ती आणली. काटा शून्यावर आला, काम झाले. दोष कोणा एकाचा म्हणता येत नाही. शून्य म्हणजेच बरोबर, या समजुतीचा आहे.

मी स्प्रिंग एक फेरा वर चढवली, शून्य पुन्हा जुळवले आणि वजने लावली. दोनला २.०, सहाला ६.०, दहाला १०.०. उतरताना एखादे घर मागेपुढे, ते दातेरी चाकाच्या घर्षणामुळे. बोटाने टिचकी मारली की सुई जागेवर येते.

अक्काने अंगणवाडीतली एकतीस मुले पुन्हा मोजली. चार मुलांचा पट्टा बदलला, चौघांचाही खालच्या बाजूला. ती मुलगी ६.८ भरली. वहीत जुना आकडा खोडून नवा लिहायला अक्काला वरून परवानगी मागावी लागली. ती मिळायला तीन आठवडे गेले. अतिरिक्त आहार तिने त्याआधीच सुरू केला होता.

आता दर महिन्याच्या वजनाच्या दिवशी सकाळी किराणा दुकानातून पाच आणि दहा किलोची वजने अंगणवाडीत येतात. आधी शून्य, मग पाच, मग दहा, आणि मगच मुले. तीन आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहिले जातात. शेजारच्या दोन गावांतल्या सेविकांनीही हे सुरू केले आहे.

पंधराव्या महिन्यात त्या मुलीचे वजन ७.५ किलो भरले. त्या वयाची रेषा ७.६ वर आहे. अजून खालीच. अक्काने तो आकडा मला फोनवर सांगितला आणि पुढे म्हणाली, "सकाळी पाचाला पाच आणि दहाला दहा दाखवले होते हं."